शहापूरच्या मैदानात मी लावलेले दिवे

चहा आलाय, बसा नीट. आणि मी सांगत असताना घोट घेऊ नका. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट माझा होता.

तसा हा किस्सा तुम्हाला कुठून तरी कळणारच. शहापूर घ्या, मुरबाड घ्या, मी जाईन तिथे तो माझ्याआधी पोचलेला असतो. मुरबाडच्या बाजारात एका माणसाने मला न ओळखता माझाच किस्सा मला ऐकवला, वर म्हणाला, "काय बावळट पोरगा असंल बघा." मी म्हटलं, "असेल." त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका, निदान तिखटमीठ तरी कमी पडेल.

मी प्रमोद, खर्डीचा. गाण्यांच्या मोठ्या कार्यक्रमांना लाइट सांभाळतो. लाइट म्हणजे मांडवातल्या माळा नव्हेत. गायिका स्टेजवर चालते तेव्हा तिच्या अंगावर एक गोल उजेड पडलेला असतो ना, ती जाईल तिकडे जाणारा? त्याला फॉलो स्पॉट म्हणतात. पूर्वी त्यासाठी एक माणूस उंच मचाणावर बसून हाताने दिवा फिरवायचा. आता मचाण गेलं. आता गायिकेच्या कमरेला एक छोटी काळी डबी लावायची. स्टेजच्या चहूबाजूंना खांब असतात, त्यांवरची यंत्रं ती डबी कुठे आहे ते ओळखतात, आणि वर टांगलेले सहाच्या सहा दिवे आपोआप त्या डबीच्या मागे फिरतात. मी पडद्याआड टेबलाशी बसून उजेड कमीजास्त करतो. त्या डबीला इंग्रजीत टॅग म्हणतात, पण आमच्यात सगळे डबीच म्हणतात. हे लक्षात ठेवा, सगळा घोटाळा त्या एका शब्दाने झाला.

तेव्हा मी अबोलीताईंच्या दौऱ्यावर होतो. ताई म्हणजे आमच्या गायिका. कोल्हापूर झालं, नाशिक झालं, आणि मग कळलं, पुढचा कार्यक्रम शहापूरला. म्हणजे घरच्या अंगणात. आणि नेमकं त्याच सुमारास माझं लग्न जुळत होतं, सापगावच्या रेश्माशी.

रेश्माला मी पसंत होतो. तिचे वडील काशिनाथकाका, भातशेतीवाले, दिलदार माणूस. तेही राजी होते. अडलं होतं तिच्या आईपाशी, यमुनाकाकींपाशी. काकींना माझं काम कळेना.

"लाइटवाला म्हंजे काय करतो? खांबावर चढतो?" त्यांनी विचारलं होतं.

"नाही काकी, खुर्चीत बसतो."

"बसून उजेड पाडतो?"

मी हो म्हटलं. मग त्यांनी अट सांगितली. "काम काय का असंना, पोरगा निर्व्यसनी पायजे. तंबाखू तर माझे दारात नको. लग्न झाल्यापासून ह्यांच्या पिचकाऱ्यांनी भरलेली ओटी धुते मी. आता कुठं आमचे ह्यांनी सोडली."

शेजारी बसलेल्या काकांनी मान डोलावली. इतकी जोरात डोलावली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी म्हटलं, "काकी, मी सुपारीसुद्धा खात नाही." आणि ते खरं होतं. आजही खरं आहे. पण आज ते कुणाला पटत नाही.

तर ठरलं असं, की शहापूरचा कार्यक्रम बघायला तिघांनी यायचं. मी पहिल्या रांगेचे पास काढले. काकी पोराचं काम डोळ्यांनी बघणार आणि मग होय-नाय सांगणार.

ते दुपारीच आले. मी त्यांना पास दाखवून थेट स्टेजपर्यंत नेलं. त्या वेळी आमची चाचणी चालू असते. डबी माझ्याच खिशात घालून मी स्टेजवर फिरतो आणि दिवे बरोबर मागे येतात का ते बघतो. मी डावीकडे गेलो, सहा दिवे डावीकडे. मी थांबलो, दिवे थांबले. जरा मिरवायला म्हणून मी वाकडातिकडा पळालो, तर तेही वाकडेतिकडे पळाले.

काका आ वासून बघत होते. "आयला, आमची म्हस पन एवढी ऐकत नाय रे."

काकींच्या चेहऱ्यावरही जरा कौतुक आलं. रेश्मा तर हसून हसून लाल झाली होती. मला वाटलं, जिंकली लढाई. काकी आणि रेश्मा खुर्च्या बघायला पुढे गेल्या, तेवढ्यात काकांनी मला पडद्याआड ओढलं आणि माझ्या हातात काहीतरी कोंबलं.

"ठेव तुझ्याजवळ. सांजचे गेटावर तपासत्यात असं ऐकलं. आणि हिला दिसली तं मला ऱ्हावू देयाची नाय घरात."

बघतो तर तंबाखूची डबी. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, अशी ती दोन तोंडांची असते ना, तीच. काळ्या रंगाची. हाताने चोळून चोळून गुळगुळीत झालेली.

"काका, तुम्ही तर सोडली ना?"

"सोडली रे. ही आपली आठवन म्हनून."

तेवढ्यात काकी मागे वळल्या. होणाऱ्या सासऱ्याची अब्रू माझ्या मुठीत. मी डबी खिशात टाकली. आता आमच्या धंद्यातले लोक काळ्या पँटी घालतात, आणि त्या पँटींना खिसे किती, ते शिवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. पुढे, मागे, मांडीवर, गुडघ्याखाली. कुठल्या खिशात काय टाकलं हे देवालाच ठाऊक. देवालाही त्या दिवशी ठाऊक नसावं.

दिवेलागणी झाली. मैदान भरलं. खर्डी, आसनगाव, किन्हवली, मुरबाड, सगळीकडून माणसं आली होती. ताई तयार होऊन पडद्याआड आल्या. त्यांच्या नऊवारीला पाठीमागे कमरेशी एक छोटी कापडी खिशी शिवलेली असते, डबी तिच्यात सरकवायची. आडोशाला काळोख. वर दिलीपदादा कानातल्या फोनवर ओरडतायत, "प्रमोद, झालं का? प्रमोद, चल." दिलीपदादा म्हणजे आमचे लाइटचे मुख्य. मी खिशात हात घातला, हाताला चपटी, गुळगुळीत, बोटभर लांबीची वस्तू लागली. मी ती ताईंच्या कमरेच्या खिशीत सरकवली, वरून टाचणी लावली आणि म्हटलं, "ताई, डबी लागली. बिनधास्त जा."

तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं.

सुरुवात अशी बसवली होती, की सगळं मैदान अंधारात, फक्त बासरी, आणि ताईंनी पहिली ओळ उचलली की सहा दिवे एकदम त्यांच्यावर. बासरी झाली. ताईंनी ओळ उचलली. दादा म्हणाले, "दे." मी दिला.

आणि माझ्या टेबलापुढचा काळा पडदा एकदम असा उजळला, की मला माझ्या हातावरचे केस मोजता आले असते. मला वाटलं, वा, आज दिवे जोरात आहेत.

कानात दादा. "प्रमोद, ताई कुठे आहेत?"

"स्टेजवर, दादा. माझ्याकडे हिरवं दाखवतंय. एकदम पक्की पकडलीये."

"अरे स्टेजवर काळोख आहे."

खरंच की. ताईंचा आवाज येत होता, पण अंधारातून. लोक बिचारे अंधारातच ऐकत बसले. त्यांना वाटलं, मोठ्या शहरातली पद्धत असेल.

"डबी पडली असणार," दादा म्हणाले. "पळ, बघ कुठे पडली ती."

मी कानातला फोन काढून टेबलावर ठेवला. ही दुसरी चूक. त्यानंतर दादा काय काय ओरडले ते मी नंतर ऐकलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. मी वाकून पडद्याखालून बाहेर आलो, थेट स्टेजसमोर, पहिल्या रांगेपुढे. आणि माझ्याबरोबर उजेडही बाहेर आला.

मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, दादांनी दिवे हातात घेतलेत आणि मला शोधायला उजेड दाखवतायत. माणूस तोंडाने फाटका, पण मनाने चांगला. मी वर हात करून त्यांना थँक यू सुद्धा केलं.

मग लागलो शोधायला. स्टेजच्या कडेला बघितलं, उजेड कडेला आला. खाली रांगलो, उजेड रांगला. इतका सोयीचा उजेड आयुष्यात कधी मिळाला नव्हता. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना म्हटलं, "आजोबा, जरा पाय वर घ्या." त्यांनी पाय वर घेतले आणि हातांनी धरून तसेच बसून राहिले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. मागून कुणीतरी शिट्टी मारली. हसण्याची एक लाट आली. मला वाटलं, ताईंनी काहीतरी गमतीचं म्हटलं असेल.

रांगत रांगत मी चपलांच्या तीन ओळखीच्या जोडांपाशी पोचलो. वर बघितलं. काकी, रेश्मा, काका.

"प्रमोद," काकी म्हणाल्या, "काय हरवलं?"

"डबी," मी म्हटलं.

काकांचा चेहरा असा पडला, जशी भर पावसात भिंत पडते.

"कसली डबी?" काकी.

"काळी, काकी. एवढीशी. चपटी."

काका घाईघाईने पुढे वाकले. "जाऊ दे रे. मिळंल नंतर. तू तुझं काम कर."

"तेच तर माझं काम आहे, काका. ती मिळाल्याशिवाय कार्यक्रम पुढे जायचा नाही."

"एवढं काय तिच्यात? दुसरी घेऊ."

"दुसरी इथे मिळत नाही, काका. बाहेरच्या देशातून येते ती."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "खर्डीच्या टपरीवरची..." असं काहीतरी पुटपुटले. मग हळूच, तोंड न उघडता म्हणाले, "तुझे पाया पडतो, पन आता डबी बोलू नको."

मला वाटलं, काकांना माझ्या नोकरीची काळजी लागलीये. केवढा मायाळू माणूस. मी त्यांना धीर द्यायला मोठ्याने म्हटलं, "घाबरू नका काका, डबी मी शोधणारच." सहा दिव्यांच्या उजेडात, सगळ्या तालुक्यासमोर. काकांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात गाणं थांबलं. ताई माइकवर बोलत होत्या, आणि त्या अंधारातून माझ्याशीच बोलत होत्या.

"अहो लाइटवाले दादा, मघापासून बघतेय मी. तुम्ही जाल तिकडे उजेड जातोय. जरा वर येता का? म्हणजे मीसुद्धा लोकांना दिसेन."

मैदान हशाने फुटलं. मी वर बघितलं. डावीकडे एक पाऊल टाकलं, उजेड डावीकडे. उजवीकडे टाकलं, उजवीकडे. आमच्यात म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा कळसा काखेतही नव्हता, मागच्या खिशात होता. दुपारच्या चाचणीपासून तिथेच होता. मी त्याच्यावर बसून दिवे चालवले होते.

मी स्टेजवर चढलो. माझ्याबरोबर उजेड चढला आणि ताई दिसल्या, तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या खिशातून डबी काढून त्यांच्यापुढे धरली. "चुकून माझ्याकडेच राहिली, ताई."

"मग माझ्या कमरेला काय आहे?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता, बघा. मी हात पुढे करेपर्यंत ताईंनी टाचणी काढली, खिशीत हात घातला आणि ती बाहेर काढली. हाताने चोळून गुळगुळीत झालेली. दोन तोंडांची. स्टेजच्या मागे भलामोठा पडदा असतो, त्यावर सगळं मोठं करून दाखवतात. कॅमेरावाल्याला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, त्याने बरोबर ताईंच्या हातावर कॅमेरा नेला. पडद्यावर म्हशीएवढी डबी आली. ताईंनी झाकण उघडलं. तंबाखू. दुसरं उघडलं. चुना.

"म्हणजे मी एवढा वेळ हे कमरेला बांधून अभंग म्हणतेय?" ताई म्हणाल्या. माइक तोंडाशीच होता. "कुणाची आहे ही?"

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. काकी पडद्यावरच्या डबीकडे बघत होत्या आणि मग हळूहळू मान वळवून काकांकडे बघायला लागल्या. काकांचे हात नकळत जोडले गेले होते. ते माझ्याकडे बघून जोडलेत की देवाकडे, ते कळायला मार्ग नव्हता. मी विचार केला, हा माणूस उद्या माझा सासरा होणार. आज हा घरात राहिला तर होणार.

मी ताईंच्या माइकशी वाकलो आणि म्हटलं, "माझी."

एवढा हशा त्या मैदानाने आयुष्यात ऐकला नसेल. ताईंनी खरी डबी खिशीत सरकवून घेतली, माझ्या हातात ती दुसरी दिली आणि म्हणाल्या, "दादा, सोडा ही सवय. आवाज जातो." मग पुन्हा बासरी झाली, आणि त्यापुढे कार्यक्रम असा रंगला की बोलायची सोय नाही. दिवे ताईंच्या मागे अगदी सावलीसारखे. पण ते बघायला काकी कुठे जागेवर होत्या?

त्या भेटल्या बाहेर, पार्किंगमध्ये, कार्यक्रम संपल्यावर. काका एका बाजूला, रेश्मा दुसऱ्या बाजूला.

"सुपारी पन खात नाय म्हनत होता," काकी म्हणाल्या. "मला वाटलं, पोरगा सरळ हाय."

मी खाली मान घातली. खरं सांगावं तर काका बेघर, न सांगावं तर मी.

काका पुढे झाले. मला वाटलं, आता हा मर्द गडी खरं बोलणार.

"ऐक गो," काका म्हणाले. "खातो तं खातो. पन सगळे तालुक्यासमोर कबूल केलं पोरानं. असा खरा बोलनारा मानूस मिळतो का आजकाल?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

काकींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. म्हणाल्या, "सोडशील?"

"सोडतो," मी म्हटलं.

"आईची शपथ?"

"आईची शपथ, काकी. यापुढे एक चिमूटसुद्धा नाही."

आणि अशा रीतीने, मंडळी, मी कधीही न खाल्लेली तंबाखू सोडली.

निघताना रेश्मा मागे राहिली. म्हणाली, "बाबांची डबी मी लांबून वळखते. झाकनावर पोचा हाय, मीच लहानपनी आपटलेली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोललात ना." आणि असं काही हसली, की त्या क्षणी मी तंबाखूच काय, जेवणसुद्धा सोडलं असतं.

लग्न झालं. नोकरीही टिकली, फक्त दिलीपदादा आता प्रत्येक कार्यक्रमाआधी मला हात वर करून उभं करतात आणि सगळे खिसे चाचपतात. पुढे दौरा कुठेही गेला तरी लोक विचारतात, हा तुमचा माणूस तंबाखूच्या तस्करीत होता का.

तुम्हाला वाटलं, संपलं? संपलं असतं तर मी मुरबाडच्या बाजारात तोंड लपवून कशाला फिरलो असतो?

यंदा सापगावच्या बचतगटाच्या बायकांनी व्यसनमुक्तीचा मेळावा घेतला, दुपारी, समाजमंदिरात. बचतगटाच्या अध्यक्ष कोण? यमुनाकाकी. म्हणजे आता माझ्या सासूबाई. त्यांनी जाहीर केलं, की व्यसन कसं सोडावं हे आमचे जावई सांगतील. शाल आली, नारळ आला. समोर माणसं बसली होती, त्यांतली निम्मी गालात भरून. मी नाही म्हणणार कुठल्या तोंडाने?

उभा राहिलो. आणि एकदा उभा राहिल्यावर काय झालं कोण जाणे, मी बोलतच सुटलो. पहिले आठ दिवस कसे जड जातात, हात कसे थरथरतात, पानटपरी दिसली की मी रस्ता कसा बदलायचो. आठवड्यात मी किती वेळा रडलो तेही सांगितलं. बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. सासूबाईंची छाती अभिमानाने फुगली. मलाच माझं कौतुक वाटायला लागलं.

शेवटी मागून एक म्हातारा उठला. "जावईबापू, सगळं पटलं. पन तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या पोराला हे लागलंच कसं?"

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासरे उठले. त्यांनी गालातलं काहीतरी जिभेने बाजूला सारलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले,

"संगत वाईट लागली व्हती पोराला."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?